आईसाठी सोपा कॉम्प्युटर, पण खातं कुणाचं?

पत्र थोडक्यात: ठाण्यात राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीची आई, वय ६७, दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या गावी एकटी राहते. घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. मोसमात आंब्याच्या पेट्या, एरवी कोकम आगळ, आंबोशी, फणसपोळी असं ओळखीच्या गिऱ्हाइकांना पाठवते. वडील पोस्टात होते, त्यांच्यामागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. घरात २०१४ च्या सुमारास घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १० वर चालणारा. तो रखडत चालतो, कोपऱ्यात सारखे 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असे इशारे उगवतात आणि मग दापोलीहून एक मुलगा येऊन 'फॉरमॅट मारून' जातो. मागच्या खेपेला त्यात गिऱ्हाइकांची यादी गेली. मुलीच्या मनात आहे की आईला क्रोमओएसवाला, म्हणजे विंडोजऐवजी गूगलची प्रणाली असलेला, फक्त ब्राउझर उघडणारा डेस्कटॉप घ्यावा, 'ज्यात बिघडवण्यासारखं काही नसेल'. पुण्यातला भाऊ म्हणतो, "खेळणं कशाला घेतेस? विंडोजचा चांगला लॅपटॉप घे. उद्या काही लागलं तर?" आईचं म्हणणं एवढंच: "मोबाइलवर मला दिसत नाही. मोठा पडदा द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा." मुलगी विचारते, कुणाचं ऐकू? आईला तांत्रिक काहीच कळत नाही.

ताई,

तुमचं शेवटचं वाक्य आधी हातात घेते. आईला तांत्रिक काही कळत नाही म्हणता, आणि त्याच पत्रात लिहिता की खोल्यांचं बुकिंग ती व्हॉट्सअ‍ॅपवर घेते, आगाऊ पैसे यूपीआयवर जमा झाल्याशिवाय खोली धरून ठेवत नाही, आणि कुठली पेटी कुठल्या एसटीने जाणार ते स्वतः ठरवते. या बाईंना कॉम्प्युटर वापरता येतो. त्यांना जमत नाही ती त्याची उस्तवार: अपडेट, अँटिव्हायरस, ड्रायव्हर, भरलेला सी ड्राइव्ह. ती तुम्हाला तरी कुठे जमते? म्हणून तर दापोलीचा मुलगा येतो.

तेव्हा 'आईला झेपेल का' हे सोडून 'याची उस्तवार कोण करणार' असं विचारा. मग तुमची निवड बरोबर ठरते. क्रोमओएसमध्ये मूळ प्रणालीचा भाग कुलूपबंद असतो, वापरणाऱ्याला त्यात हात घालता येत नाही. तिच्या दोन प्रती यंत्रात असतात. एक चालू असताना नवं अपडेट गुपचूप दुसरीवर चढतं आणि पुढच्या वेळी यंत्र त्या नव्या प्रतीवरून सुरू होतं. सुरू होताना दर वेळी ते स्वतःला तपासतं, कुणी काही बदललेलं आढळलं तर चांगल्या प्रतीकडे वळतं. विंडोजसाठी बनवलेल्या .exe फाइली, म्हणजे गावोगावच्या पेनड्राइव्हमधून फिरणारा बहुतेक कचरा, त्यावर चालतच नाही. आणि गिऱ्हाइकांची यादी गूगल शीट्समध्ये ठेवली, तर ती आईच्या खात्यात राहते. यंत्र विहिरीत पडलं तरी यादी बुडत नाही.

पण 'बिघडवण्यासारखं काही नसेल' हे मात्र खरं नाही. ते व्हायरसचे इशारेच घ्या. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. कधीतरी एखादी साइट उघडताना 'सूचना पाठवू का?' असा प्रश्न आला, घाईत 'परवानगी द्या' दाबलं गेलं, आणि तेव्हापासून ती साइट कोपऱ्यात खोट्या भीतीच्या जाहिराती टाकत बसते. फॉरमॅट मारल्यावर ते थांबतात, कारण ती परवानगीही पुसली जाते. हाच उपद्रव क्रोमबुकवरही, म्हणजे क्रोमओएसच्या लॅपटॉपवरही, होऊ शकतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइटच्या परवानग्यांत 'सूचना' आहे. तिथली अनोळखी नावं काढून टाका आणि यापुढे कुठल्याच साइटला विचारू देऊ नका, असं ठरवून ठेवा. तुम्ही आईशेजारी बसून आज जुन्या यंत्रावर एवढं केलंत, तर निम्मी तक्रार कदाचित आजच मिटेल.

म्हणजे जुनंच चालू ठेवायचं का? नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि २०१४ चं यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. बँकेचे व्यवहार होतात त्या यंत्रावर हे ताणत बसू नये.

भावाच्या 'उद्या काही लागलं तर'ला हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकच काम सांगा: काय लागेल ते कागदावर लिहून दे. तुमच्या आईच्या बाबतीत मी अंदाज करते. मेल, बँक, व्हॉट्सअ‍ॅप वेब, महावितरणचं बिल, कोकण रेल्वेचं तिकीट, डिजिटल सातबारा, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, संध्याकाळी कीर्तन किंवा मालिका. हे सगळं ब्राउझरमध्ये होतं. हयातीच्या दाखल्यासाठी अंगठ्याचं यंत्र वापरतात आणि ते क्रोमबुकला जोडून काम होत नाही, पण जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल रूपात, चेहऱ्याच्या ओळखीने अँड्रॉइड फोनवरच निघतं, त्यामुळे ती अडचण नाही. प्रिंटर मात्र तपासा. वायफायवाला, खोक्यावर मोप्रिया किंवा एअरप्रिंट लिहिलेला असेल तर सहसा बिनबोभाट चालतो. यूएसबीचा जुना स्वस्त लेझर, ज्याला सीडीवरून ड्रायव्हर घालावा लागायचा, तो बहुधा चालणार नाही.

कुणाच्या घरी मात्र भावाचंच बरोबर ठरेल. वडील अजून टॅली वापरतात, डिजिटल सहीचा डोंगल लावून विवरणपत्रं भरतात, किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या शेकडो फाइली आहेत, असं असेल तर क्रोमओएसच्या वाटेला जाऊ नये. यातली एकच गोष्ट लागत असली तरी विंडोजच घ्या.

आता डेस्कटॉपचं. क्रोमओएसवर चालणारी क्रोमबॉक्स नावाची छोटी पेटी मिळते, मॉनिटरच्या मागेसुद्धा बसते. आपल्याकडे दुकानाच्या फळीवर ती क्वचित दिसते, मागवावी लागते. पण माझी शंका वेगळी आहे. तुमच्या गावी वर्षातले चार महिने लाइट येते-जाते. पेटीला बॅटरी नसते. निम्मं लिहिलेलं मेल, निम्मा झालेला बँकेचा व्यवहार आणि काळा पडलेला पडदा, हे पावसाळ्यात रोजचं होईल. मग मोठा यूपीएस आला, त्याची बॅटरी आली, दोन-तीन वर्षांनी ती बदलणंही आलं. म्हणजे पुन्हा उस्तवार.

त्यापेक्षा साधं, पंखा नसलेलं क्रोमबुक घ्या आणि त्याला एचडीएमआयने २४ इंची मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडा. आईच्या दृष्टीने तो डेस्कटॉपच. झाकण मिटूनही मॉनिटरवर काम चालतं. लाइट गेली की मॉनिटर विझेल, झाकण उघडलं की काम होतं तिथून पुढे सुरू. शिवाय राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवा, तळहाताएवढा येतो. घरातली लाइट गेली तरी नेट बऱ्याचदा चालू असतं, फक्त राउटर बंद पडल्यामुळे ते गेलंसं वाटतं. यूपीएस घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, सगळे १२ चे नसतात.

खाऱ्या वाऱ्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही. पंखा असलेलं यंत्र तो दमट खारट वारा दिवसभर आत ओढत राहतं, आणि बोर्डावर हिरवट गंज धरतो. म्हणून बिनपंख्याचं म्हटलं. समुद्राकडच्या खिडकीत किंवा पडवीत ते ठेवू नका, माजघर बरं. प्लॅस्टिकचं कव्हर घालून बांधून तर मुळीच ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. पावसाळ्यात ते रोज थोडा वेळ चालू असलेलंच बरं, स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. गणपती झाल्यावर उघडू म्हणून जूनमध्ये कपाटात टाकलेली यंत्रंच जास्त मरतात. आणि वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, राउटर आणि मॉनिटरसकट सगळे प्लग भिंतीतून काढायचे. वायरमनला एकदा अर्थिंगही तपासायला सांगा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं, नेमकी तेव्हाच वीज पडायला सुरुवात होते.

नेटचा प्रश्न आहेच. माडाची झावळी पडून केबल तुटली की दोन दिवस गेले. तेवढ्यापुरता आईच्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो, तो कसा लावायचा ते आधी दोन-तीनदा करून घ्या. गूगल डॉक्स आणि शीट्स नेट नसतानाही उघडतात, पण ती सोय नेट असतानाच चालू करून ठेवावी लागते. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुमच्या तालुक्यात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तशा वेळी ना क्रोम कामाचं, ना विंडोज. गिऱ्हाइकांच्या यादीचा छापील कागद दर मोसमाच्या सुरुवातीला काढून वहीत ठेवायला सांगा. आईला हे पटवावं लागणार नाही, तिचा वहीवरच जास्त विश्वास असणार.

विकत घेताना दोनच गोष्टी घट्ट धरा. रॅम ८ जीबी, कारण ४ जीबीवर चार टॅब उघडले की यंत्र पुन्हा रखडतं आणि ही रॅम बहुधा बोर्डालाच जोडलेली असल्याने मागाहून वाढवता येत नाही. दुसरी, अपडेटची शेवटची तारीख. २०२१ पासून आलेल्या क्रोमबुकांना गूगल १० वर्षं अपडेट देतं, पण ती १० वर्षं त्या मॉडेलमागची मूळ रचना (प्लॅटफॉर्म) बाजारात आल्यापासून मोजायची, तुम्ही पैसे दिल्यापासून नव्हेत. ऑनलाइन 'रिफर्बिश्ड' म्हणून स्वस्तात दिसणाऱ्या कित्येकांची तारीख जवळ आलेली किंवा उलटूनही गेलेली असते. मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन गूगलच्या यादीत ती तारीख बघा आणि मगच पैसे द्या. क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकत्र आणत असल्याचं गूगलने २०२५ मध्ये सांगितलं आहे. त्याने घाबरून थांबू नका, पण म्हणूनच लांबची तारीख असलेलं मॉडेल घ्या.

घेण्याआधी फुकटात चाखूनही बघता येतं. क्रोमओएस फ्लेक्स नावाची प्रणाली गूगल जुन्या पीसींसाठी देतं. ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर ती उतरवायची (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, रिकामाच घ्या) आणि जुना डेस्कटॉप त्यावरून सुरू करायचा. विंडोज जागच्या जागी राहतं. फक्त 'इन्स्टॉल' दाबू नका, त्याने अख्खी हार्ड डिस्क पुसली जाते. आईला त्यावर आठवडाभर काम करू द्या. प्ले स्टोअरची ॲप्स फ्लेक्सवर चालत नाहीत आणि पेनड्राइव्हवरून थोडं हळूच चालेल, पण तिचं कुठलं काम अडतं ते नेमकं कळेल. तुमच्यात आणि भावात जो वाद चालला आहे, त्याचा निकाल आईच्या त्या आठवड्यावर सोडा.

हे झालं यंत्राचं. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, जिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. यंत्र जितकं सोपं, तितका सगळा भार खात्यावर. विंडोजचा पासवर्ड विसरला तर दापोलीचा मुलगा काहीतरी करून उघडून देतो. गूगल खातं अडकलं तर कुठलाच मुलगा काही करू शकत नाही. यादी, मेल, फोटो, सगळं कुलपाच्या पलीकडे.

आणि आपल्या घरांतली खाती कशी उघडलेली असतात? फोन घेताना दुकानातल्या पोराने दोन मिनिटांत जीमेल काढून दिलेलं असतं. पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर वडिलांचा असतो. वडील गेले, ते सिम बंद झालं, आणि काही काळाने तोच नंबर कंपनी तिसऱ्याच कुणाला देते. तुमच्याकडे असं नसेल तर उत्तम, पण क्रोमबुकच्या आधी हे बघा. आईच्या फोनवर गूगल खात्यातला सुरक्षेचा भाग उघडा. तिथे आईचा स्वतःचा, रिचार्ज चालू असलेला नंबर हवा. पर्यायी ईमेल म्हणून तिच्या संमतीने तुमचा किंवा भावाचा द्या. मग दोन टप्प्यांची पडताळणी लावून बॅकअप कोड काढा, फोन हाताशी नसला तर खात्यात शिरायला ते लागतात. १० कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो. ते छापून रेशनकार्ड ठेवता त्याच डब्यात ठेवा. पासवर्डही कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवला तरी चालेल. घरातल्या डब्यापर्यंत पोचणारा चोर आणि झारखंडातून किंवा कंबोडियातून फोन करणारा चोर हे वेगवेगळे असतात, आईला धोका दुसऱ्याकडून आहे. रोजच्या वापराला क्रोमबुकवर सहा आकडी पिन पुरतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. क्रोमबुकवर ज्या खात्याने पहिल्यांदा प्रवेश होतो, ते खातं त्या यंत्राचं मालक ठरतं. नंतर मालक बदलायचा तर यंत्र पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मुलं काय करतात, ठाण्याला खोकं उघडतात, 'चालतंय का बघू' म्हणून स्वतःचा जीमेल टाकतात, आणि आई कायमची स्वतःच्याच यंत्रावर पाहुणी होते. खोकं गावी जाऊन उघडा. पहिलं नाव आईचं पडू द्या.

यातच एक नाजूक प्रश्न येतो. सोयीसाठी म्हणून आईचं खातं तुमच्या फोनवरही जोडून ठेवायचा मोह होईल. तसं केलंत तर तिचे मेल, तिने शोधलेलं सगळं तुम्हाला दिसेल. ती एकटी राहते, स्वतः कमावते. तिला विचारा, आणि 'नको' म्हणाली तर कारण विचारू नका. अडलं-नडलं बघायला क्रोम रिमोट डेस्कटॉप आहे. तिने तिच्या यंत्रावर एकदाच चालणारा कोड काढून तुम्हाला फोनवर सांगायचा, तुम्हाला तिचा पडदा दिसतो, काम झालं की संपलं. मात्र हीच युक्ती भामटेही वापरतात. तेव्हा घरचा नियम करा: असा कोड तिने स्वतः तुम्हाला फोन लावूनच सांगायचा, आलेल्या फोनवर कधीच नाही. 'आज रात्री वीज कापू', 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय' असले फोन क्रोमबुक थांबवू शकत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा, हा नंबर मॉनिटरच्या खाली चिकटवा.

गूगलच्या फुकट जागेचंही बघा. १५ जीबीमध्ये मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे येतात. फोनवरचे 'शुभ सकाळ'चे व्हिडिओ गूगल फोटोंत चढत राहिले आणि जागा भरली, तर नवं मेल येणंच बंद होतं. मे महिन्यात बुकिंगची मेल येईनाशी झाली की आईला वाटेल यंदा गर्दी कमी आहे. वर्षातून एकदा तुम्ही गावी गेलात की एवढी साफसफाई करा.

आता आईच्या मूळ मागणीकडे. मोबाइलवर दिसत नाही, हे तिने सांगितलं आणि तुम्ही दोघांनी यंत्रांची चर्चा सुरू केलीत. मोतीबिंदूची तपासणी कधी झाली आहे? आधी ती करून घ्या, पडदा आठ दिवसांनी आला तरी चालेल. मग मॉनिटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबून सगळंच मोठं करा, माउसचा बाणही मोठा करता येतो. भाषा मराठी ठेवता येते. टाइप करायला इनस्क्रिप्ट आहे, तसंच इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सोयही आहे. आणि गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येतं, दहा पेट्यांचे पत्ते सांगायला ते फार बरं. व्हॉट्सअ‍ॅप वेब जोडून द्या, फक्त फोन १४ दिवस उघडलाच नाही तर ते आपोआप सुटतं हे सांगून ठेवा. खोल्यांतले पाहुणे 'काकू, जरा तिकीट प्रिंट करू का' म्हणाले की त्यांना पाहुण्यांचा 'गेस्ट मोड' उघडून द्यायचा. ते उठले की त्यांचं काही मागे राहत नाही आणि आईचंही त्यांना काही दिसत नाही.

राहिला दापोलीचा मुलगा. क्रोमबुक आलं की तो म्हणेल, "यात काही करता येत नाही." ते खरंच आहे आणि त्यासाठीच आपण ते घेतोय. पण गावी एकट्या राहणाऱ्या बाईकडे बोलावलं की येणारा माणूस तोडू नये. राउटर, प्रिंटर, वायरी, अर्थिंगवाल्याला गाठणं, ही कामं आहेतच. त्याला आधीच विश्वासात घ्या, बॅकअप कोडांच्या डब्यापासून मात्र लांब ठेवा.

आणि जुना डेस्कटॉप भंगारात किंवा कुणाला देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. फॉरमॅट मारल्यावर गेलेली यादी बाहेर काढून देणारी माणसं पुण्या-मुंबईत आहेत. खात्री नाही, पण डिस्कवर नंतर फारसं काही लिहिलं गेलं नसेल तर मिळूही शकते. हे काम भावाला द्या. पेनड्राइव्हचा तो आठवडा संपला की जुना पीसी बंदच ठेवा.